आजोबांची दुनळी घरीच उघडावी की मिस्त्रीकडे न्यावी?

घाटाखालचा
नमस्कार मंडळी. इथे मिक्सरपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याच्या दुरुस्तीवर धागे निघतात, म्हणून म्हटलं हाही काढून बघू. आमच्याकडे शेतीसंरक्षणाचं लायसन्स आहे, आधी आजोबांचं, मग वडिलांचं, आता माझ्या नावावर. बंदूक १२ बोअर दुनळी, विलायती, बर्मिंगहॅमची, बाहेर घोडे दिसत नाहीत त्या प्रकारातली. वापर म्हणजे काजूच्या आणि भाताच्या दिवसात वानरं आणि डुकरं पळवायला वर बार काढणे, बस. आता झालंय असं की डावी नळी व्यवस्थित उडते पण उजवी कधी उडते, कधी नुसतं टक. काडतूस काढून बघितलं तर टोपीवर (काडतुसाच्या मागे ठोका बसतो ती) अगदी बारीक खळगा पडलेला असतो, डावीकडचा मस्त खोल असतो.

यूट्यूबवर एक इंग्रज आजोबा अशीच बंदूक टेबलावर घेऊन चहा पीत पीत पूर्ण उघडून दाखवतात, टोपीवर ठोका मारणारी पिन बदलून परत जोडतात, काहीच वाटत नाही बघताना. माझ्याकडे शेगडा आहे, स्क्रूड्रायव्हरचा चांगला सेट आहे, पंप आणि ग्रासकटरची कामं मी घरीच करतो. कोल्हापूरला दुरुस्तीचं दुकान आहे पण मागच्या वेळी बंदूक दिली ती सीझन संपल्यावर मिळाली. बेळगाव त्यामानाने जवळ. तर घरी उघडली तर काय बिघडणार आहे? ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा, नुसतं घाबरवू नका.

ह्यूस्टनचा_ढोल
बिनधास्त उघडा हो. इथे टेक्ससमध्ये माझ्या रायफलचं अर्धं काम मी गराजमध्ये बसून केलंय, ट्रिगर बदलला, हँडगार्ड बदलला, स्कोप स्वतः बसवला. एआर-१५ म्हणजे तर बोल्ट-नटचा खेळ आहे, पार्ट कुठल्याही कंपनीचा घ्या, बसतो. ग्लॉक पिस्तूल तर एका छोट्या पंचने पूर्ण सुटं होतं, दुसरं हत्यार लागत नाही. ब्राउनेल्ससारख्या कंपन्या १९३९ पासून याच धंद्यात आहेत, कॅटलॉग बघितला तर डोळे फिरतील एवढी टूल्स. कायद्याने स्वतःच्या बंदुकीवर स्वतः काम करायला इथे कसलंच लायसन्स लागत नाही, दुसऱ्याचं काम पैसे घेऊन धंदा म्हणून करायचं असेल तर फेडरल लायसन्स लागतं. फक्त रायफलची नळी १६ इंचांच्या आणि शॉटगनची १८ च्या खाली कापायची नाही, तो १९३४ च्या कायद्याचा विषय होतो, परवानगी आधी आणि कानस नंतर. बाकी तुमची वस्तू, तुमचे हात. मेकॅनिककडे जाऊन बसायचं कशाला.

मिरजेचा_काळा_कोट
ह्यूस्टनकर, तुमचा सल्ला ह्यूस्टनलाच ठेवा कृपया. इथे तो वाचून कोणीतरी आत जाईल.

घाटाखालचे साहेब, आर्म्स अॅक्ट १९५९ चं कलम ५ एकदा शांतपणे वाचा. बंदूक बनवणे, विकणे, बदलणे, दुरुस्त करणे, टेस्ट करणे, प्रूफ करणे (जादा दाबाचा बार काढून तपासणे), या सगळ्याला वेगळं लायसन्स लागतं. तुमच्याकडे आहे ते बंदूक बाळगण्याचं. आता गंमत बघा, त्याच कलमाच्या पोटकलम २ मध्ये मालकाला एक सूट दिलेली आहे, स्वतःच्या वापरासाठी कायदेशीर ठेवलेली बंदूक तो दुसऱ्या पात्र माणसाला डीलरचं लायसन्स नसताना विकू शकतो. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर मालक होता. पण सूट दिली ती विक्रीची, दुरुस्तीची नाही. पोटकलम वाचून "मग दुरुस्तीलाही चालत असेल" असा अर्थ काढणारे अशील मी बघितले आहेत.

आणि शिक्षा किरकोळ नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ च्या भंगाला कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. त्याच दुरुस्तीत एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवायची मर्यादा आली हे सगळ्यांच्या लक्षात आहे, पण शिक्षा वाढली ते कोणी वाचलेलं नसतं. नळी आखूड करणं कलम ६ मध्ये वेगळं आहे, तिथेही लायसन्स लागतं आणि शिक्षा तेवढीच कडक.

साफसफाई, तेलपाणी, मालकाने रोज सुटे करायचे असतात ते तीन भाग (नळ्या, नळ्यांखालचं लाकूड, दस्ता) काढणे-जोडणे, याला कोणी दुरुस्ती म्हणणार नाही. लॉक (घोडा आणि स्प्रिंग असतात तो आतला भाग) उघडून नवीन पिन घडवून बसवणं हे मात्र दुरुस्तीच. त्याला दुसरं नाव देऊन बघा, कोर्टात टिकत नाही.

ह्यूस्टनचा_ढोल
सात वर्षं?? पिन बदलायला? अहो मी इथे वॉलमार्टमधून येताना बंदूक साफ करायचं तेल दूध-ब्रेडबरोबर घेऊन येतो. ठीक आहे, मागे घेतो, म्हणजे कायद्यापुरतं मागे घेतो. पण तत्त्व म्हणून माझं म्हणणं तेच आहे, स्वतःचं हत्यार आतून माहीत नसलेला माणूस ते सुरक्षित वापरतो कसं?

माका_काय_ठावक
अरे मेल्या उघडूचा मगे बघ, आधी नळयेत बघ काय आसा ता! पावसात चार म्हयने बंदूक भितीक टांगलेली आसता आणि कुंभारीण नळयेत मातयेचा घर बांधता. गावात दरवर्षी सांगूचा लागता.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. ती मातीचं घर करणारी माशी असते ना, भिंतीतल्या भोकात, पाइपात, टेबलफॅनच्या मागे घर करते, तिला १२ बोअरची नळी म्हणजे आयता फ्लॅट. सुकलेली माती दगडासारखी होते, त्यावर बार काढला तर नळी फुगते किंवा फाटते आणि नळी फाटते तिथे बहुतेक डावा हात असतो. बंदूक मोडून (म्हणजे उघडून हो, तोडून नाही) उजेडाकडे धरून दोन्ही नळ्या आरपार बघायच्या, हे प्रत्येक वेळी, काडतूस घालायच्या आधी. ह्याला ना मिस्त्री लागतो ना वकील.

आमच्या वाडीत अजून दोन ठासणीच्या बंदुका आहेत लायसन्सच्या. त्यांचं अजून वेगळं, काळ्या दारूची काजळी पाण्यात विरघळते, तेलात नाही, तरी लोक रॉकेल ओततात आणि वर्षभरात नळी आतून खवल्यासारखी होते. गरम पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल. आजोबा कढत पाणी ओतायचे, नळी तापली की आपोआप सुकते.

काजळी_आणि_कानस
धागा उशिरा दिसला. वडील बंदुकीचे मिस्त्री, दुरुस्तीचं लायसन्स त्यांच्या नावावर, मी आयटीआय टर्नर आणि त्यांच्या हाताखाली. आमचे उस्ताद मुंगेरचे. मुंगेर म्हणजे मीर कासिमने १७६० च्या दशकात राजधानी मुर्शिदाबादहून तिकडे हलवली आणि बंदुका बनवायचं काम सुरू केलं ते गाव, आजही तिथे लायसन्सवाले कारखाने आहेत (बिनलायसन्सवाल्यांमुळे नाव खराब झालं तो भाग वेगळा).

घाटाखालचे दादा, तुम्ही जे सांगताय त्याची चार-पाच कारणं असू शकतात आणि पिन त्यातलं फक्त एक. पिनचं टोक झिजलं किंवा तुटलं असेल. घोड्याला जोर देणारी मेनस्प्रिंग थकली असेल. आत जुनं तेल वाळून डिंक झाला असेल, हे तर सगळ्यात जास्त बघतो, लोक वर्षानुवर्षं खोबरेल नाहीतर शिलाई मशीनचं तेल ओतत राहतात आणि आत लाखेसारखा थर बसतो. काडतुसाची कड बसायला नळीच्या तोंडाला जी खाच असते ती झिजून खोल झाली असेल, मग काडतूस पुढे सरकून बसतं आणि पिन पोचत नाही. आणि शेवटचं, नळ्या बॉडीपासून सैल झाल्या असतील, बंद केल्यावर मागे फट राहते. आता यूट्यूबवाले आजोबा पिन बदलून दाखवतात कारण त्यांना आधीच माहीत असतं की त्या बंदुकीची पिनच गेली आहे. तुम्ही नवीन पिन बसवली, ती थोडी लांब ठेवली, टक व्हायचं थांबलं, तुम्ही खूश. पण मूळ रोग नळी सैल असण्याचा असेल तर तुम्ही फक्त तो दिसायचा बंद केला. आणि लांब पिन टोपीला भोक पाडते, मग गॅस मागे येतो, तुमच्या तोंडाकडे.

जुन्या विलायती बंदुकीला तयार पिन मिळत नाही हेही लक्षात घ्या. तो एआरचा बोल्ट नाही. प्रत्येक बंदूक हाताने घडवलेली, एकाच कंपनीच्या दोन बंदुकांची पिन एकमेकींना बसेलच असं नाही. पिन घडवायची, कडक करायची, टोक गोल करायचं, मग कंदिलाची काजळी धरून भाग बसवून बघायचा, जिथे काळं पुसलं गेलं तिथे टेकतंय, तिथे कानशीचा एक हात, परत काजळी. वडील एका पिनला कधी कधी अर्धा दिवस लावतात आणि गिऱ्हाईक म्हणतं एवढ्याशा खिळ्याचे एवढे पैसे?

स्क्रूबद्दल बोलायलाच हवं. इंग्रजी बंदुकीच्या स्क्रूची खाच पात्यासारखी बारीक असते आणि बाजारातल्या स्क्रूड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं. ते खाचेत पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर सरकतं आणि खाचेच्या कडा उलटतात. शिवाय प्रत्येक स्क्रू त्याच्याच भोकासाठी केलेला, घट्ट झाल्यावर खाच नळीच्या रेषेत यावी अशा हिशेबाने. दोन स्क्रूंची अदलाबदल केली की जन्मात सरळ येणार नाहीत. आमच्याकडे बंदूक आली की वडील आधी स्क्रू बघतात, आत कोणी हात घातलाय की नाही ते दारातच कळतं. आणि आतली व्ही आकाराची मेनस्प्रिंग क्लॅम्प न लावता काढायला गेलात तर ती तुटते किंवा उडते, नवीन घडवणं आता फार थोड्यांना येतं.

रेंजवाली_पुणे
मी दहा मीटर एअर पिस्तूल करते, बालेवाडीला. आमच्याकडे हा वाद रोजचा आहे आणि मला वाटतं उत्तर काळं-पांढरं नाही. पिस्तुलात काही गोष्टी मालकाने हलवायच्या म्हणूनच दिलेल्या असतात, ग्रिप, ट्रिगरची जागा, ट्रिगरचं वजन, साइट. एअर पिस्तूलचा ट्रिगर ५०० ग्रॅमच्या खाली चालत नाही, स्पर्धेआधी वजन लावून तपासतात, तर तेवढं स्वतःला जमलंच पाहिजे, दरवेळी कोणाला विचारणार. २००८ ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राला फायनलच्या तोंडावर कळलं की साइट हललेली आहे, त्याने तिथेच स्वतः क्लिक मोजून ती परत आणली आणि गोल्ड आणलं. तिथे ह्यूस्टनकरांचं म्हणणं शंभर टक्के खरं, स्वतःचं हत्यार माहीत हवं.

आणि दुसरी बाजू टोकियो. २५ जुलै २०२१, क्वालिफिकेशन चालू असताना मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर तुटला. दुरुस्तीत साधारण वीस मिनिटं गेली, घड्याळ थांबत नाही, उरलेले शॉट घाईत मारायला लागले, ५७५ वर बारावी आली, फायनल हुकली थोडक्यात. नंतर किती चर्चा झाली की कोणी काय करायला हवं होतं, स्पेअर का वापरलं नाही, कंपनीचे लोक तिथे होते, वगैरे. पॅरिसला तिने दोन ब्राँझ आणून सगळ्यांची तोंडं बंद केली ते सोडा. पण लिव्हर तुटतो तेव्हा खेळाडू कितीही तयार असू दे, ज्याच्या हाताला ते काम रोजचं आहे असा माणूस बाजूला लागतोच.

एअर सिलिंडरला तर कोणी घरी हात लावू नका. २०० बार प्रेशर असतं, वर तारीख असते, बनवल्यापासून दहा वर्षं झाली की स्पर्धेत चालत नाही. ओएलएक्सवर स्वस्त मिळाला म्हणून पालक घेऊन येतात, तारीख बघतच नाहीत.

ठाण्याचा_वाचनप्रेमी
एक बाळबोध प्रश्न. वानरं पळवायला फटाके चालत नाहीत का? बंदुकीची एवढी कटकट कशाला ठेवायची घरात.

माका_काय_ठावक
ठाणेकर, फटाक्याला वानरं दोन दिवसांत सरावतात, तिसऱ्या दिवशी तुमच्याकडे बघत काजू खातात. यावर वेगळा धागा काढा, तिथे येतो.

वऱ्हाडातून
भाऊ, तुम्ही सगळे लय शहाणपणाचं बोलून राहिले पण एक सांगा, मिस्त्री हायेत कुठे? आमच्या जिल्ह्यात एक होते, म्हातारे झाले, पोरगा मोबाइल रिपेअरिंगमध्ये गेला. वकील साहेब म्हणतात लायसन्सवाल्याकडेच न्या, मान्य, पण लायसन्सवाला दोन जिल्हे सोडून असेल तर शेतकरी काय करन? तो लोहाराकडे जाते. लोहार वेल्डिंग मारून देते. हे मी डोळ्यानं पाह्यलं हाय, दुनळीच्या नळ्यांमधली पट्टी सुटली होती, तिले वेल्डिंग.

दुसरं, निवडणूक आली की बंदूक पोलीस स्टेशनला जमा. लोकसभा, विधानसभा, झेडपी, एकामागं एक. पावसाळ्यात जमा केली, गोणपाटात गुंडाळून बाकीच्यांच्या ढिगात ठेवली, परत आणली तर नळीवर तांबूस साय. आता हा गंज घासणं दुरुस्ती हाय का साफसफाई? कोण सांगन?

मिरजेचा_काळा_कोट
वऱ्हाडातले भाऊ, बोचरं बोललात पण बरोबर आहे. कायदा म्हणतो लायसन्सधारकाकडे जा, आणि लायसन्सधारक तयार होतील अशी व्यवस्था कोणी करत नाही. नवीन मुलाला हे काम शिकायचं असेल तर तो शिकणार कुठे? पण त्याचा निष्कर्ष "म्हणून घरीच करा" असा निघत नाही. वेल्डिंगवाल्या लोहारावर आणि मालकावर, दोघांवरही कलम लागू शकतं.

वरवरचा गंज तेल लावून बारीक स्टील वूलने काढणं साफसफाईच आहे. जमा करायच्या आधी नळीला आतून-बाहेरून घट्ट तेल किंवा ग्रीस लावा, फोटो काढा, पावतीवर बंदुकीची अवस्था लिहून मागा. लिहून देत नाहीत बहुतेक वेळा, तरी मागा.

काजळी_आणि_कानस
वेल्डिंगचं वाचून पोटात गोळा आला. दुनळीच्या दोन नळ्या आणि मधल्या पट्ट्या मऊ सोल्डरने जोडलेल्या असतात, कथील आणि शिसं. ते दोनशे डिग्रीच्या आसपासच वितळायला लागतं. वेल्डिंगची उष्णता लागली की एका जागी पट्टी चिकटते आणि बाकी सगळीकडून सुटते, शिवाय नळीचं पोलाद त्या जागी मऊ पडतं ते वेगळं.

याच कारणाने दुनळीला गरम काळं करायचं नसतं. गंज काढला, आता नळी पांढरी पडली, तर कुठूनतरी कॉस्टिकचं हॉट ब्लूइंग करून आणतात, एकनळीला ते चालतं पण दुनळीत ते क्षार सोल्डर खातात आणि पट्टीच्या आत जाऊन बसतात, वर्षभराने आतून गंज फुटतो. दुनळीला जुन्या पद्धतीचं, म्हणजे मुद्दाम गंज चढवायचा, उकळायचा, घासायचा, परत चढवायचा, असं बरेच दिवस चालणारं काम लागतं. म्हणून वेळ लागतो दादा, मिस्त्री काय बंदूक कपाटात ठेवून विसरत नाही. बरं, विसरतातही काही, ते नाकारत नाही.

अजून एक, ट्रिगर. "चाप जड आहे, जरा घासून हलका करून देतो" असं म्हणणारा कोणीही असो, भाऊ असो की मिस्त्री, बंदूक हातात देऊ नका. चाप आणि घोडा जिथे अडकतात त्या खाचेचा फक्त वरचा पातळ थर कडक केलेला असतो, आतलं लोखंड मऊ. थर घासून गेला की पहिले काही दिवस चाप लोण्यासारखा चालतो, मग मऊ लोखंड झिजत जातं आणि एक दिवस बंदूक जमिनीवर टेकवली तरी उडते. आणि सेफ्टीवर भरवसा नको, बहुतेक दुनळीत सेफ्टी फक्त चापाला अडवते, घोड्याला नाही.

ह्यूस्टनचा_ढोल
हे मात्र पटलं. इथेही अशी कामं करणाऱ्यांना एक नाव आहे, बब्बा. दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या मिलिटरी रायफली, माउझर, स्प्रिंगफील्ड १९०३, कवडीमोलाने पोस्टाने यायच्या (१९६८ च्या कायद्याआधी पोस्टाने चालायचं), लोकांनी घरच्या आरीने दस्ते कापले, साइट कापून टाकल्या, स्कोपसाठी तिरपी भोकं पाडली, हरणाची रायफल केली. आज अस्सल अवस्थेतली रायफल कलेक्टर डोक्यावर घेतो आणि बब्बाने हात लावलेली शेल्फवर पडून राहते.

पण व्यावसायिक म्हणजे देव असंही समजू नका. रेमिंग्टन ७०० सारखी नावाजलेली रायफल, एप्रिल २०१४ मध्ये कंपनीने एक्समार्क प्रो ट्रिगर परत मागवला, कारण कारखान्यात जोडतानाच चिकटद्रव्य जास्त लागलं होतं आणि चाप न ओढता उडण्याचा धोका होता. कारखाना म्हणजे व्यावसायिकच की. फरक एवढाच की तिथे चूक सापडल्यावर परत मागवायला कोणीतरी जबाबदार होतं. माझ्या गराजमध्ये जबाबदार मीच, आणि तपासणाराही मीच. म्हणून नळी बदलली तर हेडस्पेस गेज (गोळी आत नीट बसते ना ते तपासायचं माप) लावल्याशिवाय मी गोळी घालत नाही. एक गेज आत जाऊन बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा भाग, बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर बंद होता कामा नये. आणि घरी असे पार्ट अदलाबदल करणाऱ्यांची दुसरी अडचण म्हणजे .३०० ब्लॅकआउटची गोळी .२२३ या वेगळ्या मापाच्या चेंबरमध्ये (नळीत गोळी बसते ती जागा) शिरते कधीकधी, बोल्ट बंद होतो, चाप ओढला की रायफलचे तुकडे. दोन्हीची मॅगझिन सारखीच, हीच तर गंमत.

काजळी_आणि_कानस
ढोलवाले भाऊ, तुमच्या ब्लॅकआउटसारखंच आपल्याकडे काडतुसाच्या लांबीचं आहे. घाटाखालचे दादा, हे तुमच्यासाठी. जुन्या विलायती १२ बोअरचं चेंबर बहुतेक अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटर. आज दुकानात ७० वाली काडतुसंही मिळतात. ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, बंदूक बंदही होते, कारण काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं. उडताना ते तोंड उघडतं आणि पुढे जागा नसते, प्रेशर वाढतं. दहा उडतील, वीस उडतील, नळ्या सैल व्हायला लागतील. बसतंय म्हणजे चालतंय असं नाही. डब्यावर बघा काय लिहिलंय ते, खडकीच्या कारखान्याचं असो की बाहेरचं.

आणि पुढचा हात (नळ्यांखालचं लाकूड) काढून, नळी वेगळी करून खालचा सपाट भाग बघा. हे करायला कोणाची परवानगी नको. तिथे प्रूफचे शिक्के असतील, मुकुटाखाली एनपी दिसलं तर धूररहित दारूसाठी तपासलेली आहे. फक्त बीपी वगैरे असेल आणि एनपी नसेल तर ती काळ्या दारूच्या काळातली, आजचं काडतूस त्यात घालूच नका. बर्मिंगहॅमला प्रूफ हाउस १८१३ पासून आहे आणि त्यांचे शिक्के काळानुसार बदललेत, स्पष्ट फोटो काढून मिस्त्रीला दाखवा, बंदुकीचं वय आणि चेंबरची लांबी बऱ्याचदा तिथेच कळते. फोटो इथे टाकू नका, नंबर दिसतो.

तोपर्यंत उजवी नळी वापरू नका. टक झाल्यावर लगेच बंदूक उघडायची नाही, नळी मोकळ्या जागेकडे ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचं, कधी कधी बार उशिरा पडतो. घरी ठेवताना नळी खाली करून ठेवा, नाहीतर जास्तीचं तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरतं, लाकूड काळं आणि मऊ पडतं आणि मग एक दिवस दस्त्याला तडा. चामडी म्यानात तर मुळीच नको, कोकणातल्या हवेत चामडं ओल धरून ठेवतं.

घाटाखालचा
सगळ्यांचे आभार. नळी काढून बघितली, एनपी आहे मुकुटाखाली, आणि चेंबरचा आकडाही आहे, अडीचच. शेजारून उसनी आणलेली काडतुसं ७० ची निघाली, ती बाजूला ठेवली. उघडायचा विचार सोडला, निदान पिनपुरता. तरी दोन शंका उरतात. एक, बेळगावला नेली तर चालेल का, लायसन्सवर महाराष्ट्र लिहिलंय. दोन, मी कामाला मुंबईत असतो, धाकटा भाऊ गावी असतो, त्याच्या नावावर लायसन्स नाही. तो नेऊन देऊ शकतो का मिस्त्रीकडे?

मिरजेचा_काळा_कोट
बेळगाव नाही. लायसन्सची हद्द महाराष्ट्र असेल तर आंबोलीच्या पुढे राज्याची सीमा ओलांडली की तुम्ही विनापरवाना, मिस्त्री कितीही चांगला असो. तिकडेच न्यायची असेल तर आधी अर्ज करून हद्द वाढवून घ्या, नाहीतर कोल्हापूर.

भाऊ नेऊ शकतो. कलम ३ च्या पहिल्या पोटकलमाला परंतुक आहे, लायसन्सधारकाच्या समोर किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस बंदूक दुरुस्तीसाठी किंवा लायसन्स नूतनीकरणासाठी नेऊ शकतो, त्याला स्वतःचं लायसन्स लागत नाही. तर साध्या कागदावर लिहा, बंदुकीचा प्रकार, नंबर, लायसन्स नंबर, कुठल्या दुकानात, कशासाठी, कुठल्या तारखांना, भावाचं नाव, खाली तुमची सही. मूळ लायसन्स बरोबर द्या, झेरॉक्सवर भागवू नका. बंदूक रिकामी, नळी वेगळी काढून पिशवीत, काडतुसं घरी. दुकानदाराकडून नंबर लिहिलेली पावती घ्या आणि तिची एक प्रत तुमच्या पोलीस स्टेशनला देऊन पोच घ्या, कारण बंदूक दुरुस्तीला असताना आचारसंहिता लागली तर जमा करा म्हणून पहिला फोन तुम्हालाच येणार आहे.

वऱ्हाडातून
वकील साहेब, त्या अधिकारपत्राचा नमुना टाकता का इथंच? आमच्याकडं चार जणायले लागन.

मिरजेचा_काळा_कोट
संध्याकाळी टाकतो. स्टँपपेपर लागत नाही, उगाच पाचशे घालवू नका.